बांधीतलं पात्र, मोबाइलवरचे रंग

गोंदिया, आमगाव, तिरोडा, देवरी, कुठल्याही कॉलेजातली मागच्या बाकावरची वही उघडून बघा. शेवटच्या पानांवर मोठ्या डोळ्यांची, टोकदार केसांची, खांद्यावर तलवार टाकलेली पोरं-पोरी सापडतील. रात्री त्याच पानांचे फोटो इन्स्टाग्रामवर जातात. हात चांगला असतो, रेघही स्वच्छ असते. पण तशीच पोरगी त्याच रात्री जगभरातून हजारो जणांनी टाकलेली असते, आणि त्या गर्दीत आपली कुठली हे आपल्या मावसभावाखेरीज कोणाला कळत नाही.

ॲनिमे काढू नका असं मी म्हणणार नाही. चेहरा कमीत कमी रेघांत कसा मांडावा, केसांचा एकच गठ्ठा करून तो कसा रंगवावा, हे त्यातून झकास शिकता येतं. फक्त शिकून झाल्यावर तिथेच मुक्काम ठोकू नका. पात्र आपल्या आसपासचं घ्या, रंग डोळ्यांनी बघून भरा, आणि चित्र टाकाल तेव्हा ते कसं केलं तेही दाखवा.

हौशी माणसाच्या पात्राला कोण विचारतो, असं वाटत असेल तर सुप्पंडी आठवा. तमिळनाडूतल्या एका वाचकाने 'टिंकल'कडे पाठवलेल्या गोष्टींतून तो 1983 साली आला, आणि त्याला ते लांबुडकं डोकं नि चेहरा दिला राम वाईरकर या मराठी चित्रकाराने. पात्र सुचलेला माणूस हौशी, ते कागदावर उभं करणारा कसलेला. आज ही दोन्ही कामं एकाच मुलाला आपल्या मोबाइलवर करता येतात.

पात्र शोधायला गोंदिया जिल्ह्याइतकी सोयीची जागा नाही, कारण इथे नाटक अजून जिवंत आहे. भाऊबीजेनंतर गावोगावच्या मंडया सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग झाडीपट्टीची नाटकं. वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर पालथे घालतात. गावात प्रयोग असेल तर वही घेऊन जा आणि मुद्दाम मागे बसा. मागून चेहरा दिसत नाही, तरीही खलनायक कोण, सासरा कोण, विनोदी नोकर कोण, हे शब्द ऐकण्याआधीच कळतं. खांदे कुठे आहेत, पाय किती फाकवलेत, मान पुढे आहे की मागे, यावरून कळतं. नेमकं तेच टिपायचं. रात्रभरात प्रत्येक पात्राची अंगठ्याएवढी काळी आकृती काढा, आत डोळे-नाक काही नको. सकाळी ती पानं प्रयोग न पाहिलेल्या मित्रासमोर धरा. त्याला आकृतीवरूनच माणसाचा स्वभाव ओळखता आला, तर पात्र जमलं. दंडार किंवा खडी गंमत बघायला मिळाली तर सोडू नका. तिथे पुरुष बाईची भूमिका करतो, तेव्हा मनगट, कंबर आणि पावलं यांत काय काय बदलतं ते डोळे भरून बघा. मोबाइलवर चित्रीकरण मात्र करू नका. तो त्या मंडळींच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि व्हिडिओवरून काढलेल्या चित्रात जीवही कमीच उतरतो.

नाटक नसेल तेव्हा राइस मिल आहे. पोती वाहणाऱ्या हमालाकडे पाच मिनिटं नीट बघितलंत तर चित्राचं अर्धं काम तिथेच होतं. डोक्याला गुंडाळलेला पंचा कानांवरून खाली आलेला असतो. पोतं पाठीवर असताना गुडघे जरा वाकलेले आणि टाचा बाहेर. भुवयांवर आणि हाताच्या केसांवर कोंड्याची पिवळट पांढरी धूळ. घामाचे ओघळ गेलेत तिथे ती धूळ धुऊन जाते आणि मूळ रंग उभ्या रेघांनी दिसतो. एवढा एक तपशील चित्रात आला की बघणारा थांबतो. तेंदूपत्त्याच्या मोसमात पानांचे पुडे बांधणाऱ्या बाया, बोडीत जाळं टाकणारा ढिवर, यष्टी सुटल्यावर मागे धावणारी शाळकरी पोरं, अशी कितीतरी पात्रं दारातच आहेत. ओळखीच्या माणसाचं चित्र काढलंत तर त्याला आधी दाखवा, मगच ऑनलाइन टाका. चेहरा जसाच्या तसा ठेवायचीही गरज नसते. एकाची मान, दुसऱ्याची चाल, तिसऱ्याचा पंचा असं एकत्र केलं की पात्र आपलं स्वतःचं होतं.

पात्र सापडल्यावर थेट रंगाकडे धावू नका. एका पानावर ते समोरून, बाजूने आणि मागून काढा. मग चार चेहरे: हसणारा, चिडलेला, घाबरलेला आणि काहीच न वाटणारा. शेवटचा सगळ्यांत अवघड. डोकं शरीरात किती वेळा बसतं ते लिहून ठेवा, नाहीतर दहाव्या चित्रापर्यंत तुमचा हमाल नकळत हातभर उंच झालेला असेल. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' 1991 पासून वर्षानुवर्षं वाचकांना रोज भेटत राहिला तो रोज ओळखू येत होता म्हणून. आपल्याला रोज काढायचं नसलं तरी शिस्त तीच.

आता कागदावरून मोबाइलवर. बहुतेकांकडे आयपॅड नाही, पेनचा टॅब्लेट नाही, आहे तो साधा अँड्रॉइड फोन. तेवढा पुरतो. चित्राचा फोटो सकाळी दारात, उन्हात नव्हे तर सावलीत घ्या. ट्यूबलाइटखाली काढला की तुमच्याच डोक्याची सावली कागदावर पडते. फोन कागदाला समांतर धरा, तिरपा धरला तर पात्राचं डोकं लहान होतं. आयबिस पेंटमध्ये फोटो आत घेताना रेघा वेगळ्या काढायच्या का, असं ॲपच विचारतं. हो म्हटलं की कागदाचा पांढरा भाग नाहीसा होऊन नुसत्या रेघा उरतात. पेन्सिलपेक्षा काळ्या जेल पेनाच्या रेघा त्यात जास्त स्वच्छ येतात. स्वस्तातल्या रबरी टोकाच्या स्टायलसला दाब कळत नाही, त्यामुळे त्याने रेघ जाड-बारीक होईल ही आशा सोडा. ॲपमध्ये रेघेची दोन्ही टोकं निमुळती करण्याची आणि हाताचं थरथरणं सावरण्याची सोय असते, ती चालू करा. घरी कॉम्प्युटर असेल तर क्रिता फुकट आहे आणि पैसे मोजून घ्यायच्या सॉफ्टवेअरपेक्षा फार मागे नाही. चोरीचं फोटोशॉप टाकून व्हायरस घरात घेण्याचं काही कारण उरलेलं नाही.

रंगाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण चांगलं स्केच बिघडतं ते इथेच.

रेघांचा थर सगळ्यांत वर ठेवा. त्याच्या खाली एक थर घेऊन संपूर्ण आकृती एकाच करड्या रंगाने भरा, कुठे भोक राहिलंय का ते तिथेच कळतं. त्यावर कातडी, कपडा, केस यांचे सपाट रंग क्लिपिंग लावून भरा, म्हणजे रंग आकृतीबाहेर सांडत नाही. सावलीसाठी आणखी एक थर घ्या आणि त्याची जात, म्हणजे ब्लेंड मोड, मल्टिप्लाय करा. एवढ्या चार-पाच थरांत काम भागतं. तीस थर केले तर तीन-चार जीबी रॅमचा फोन मान टाकतो आणि आपल्यालाही कुठे काय ठेवलं ते सापडत नाही.

आता उदाहरण म्हणून रोवण्यातली बाई घ्या. जुलै महिना, आभाळ भरलेलं, पोटरीभर चिखलपाणी, हातात पऱ्ह्यांची जुडी. पहिली चूक कातडीच्या रंगात होते. ॲपमधले कातडीचे तयार रंग बहुतेक गुलाबी-पिवळट असतात, ते आपल्या बाईला लावले की ती टीव्ही मालिकेतली वाटते. रंगाच्या चौकटीत स्वतः आकडे बसवा: ह्यू 22, सॅच्युरेशन 55, ब्राइटनेस 55 च्या आसपास. हा उन्हात राबलेला तपकिरी. सावलीसाठी याच रंगात काळा मिसळू नका, काळ्याने कातडी मेल्यासारखी दिसते. ह्यू लालकडे, 12 पर्यंत सरकवा, सॅच्युरेशन थोडं वाढवा, ब्राइटनेस 35 वर आणा. उजेडाच्या जागी उलट करा: ह्यू 28, सॅच्युरेशन 45, ब्राइटनेस 72. हे आकडे म्हणजे काही वेद नव्हेत. स्वतःचा हात खिडकीशी धरून बघा आणि बदला.

पण आभाळ भरलेलं आहे, हे विसरू नका. ढगाळ दिवशी धारदार सावली पडत नाही. उजेड सगळीकडून, वरून जास्त आणि किंचित निळसर येतो. म्हणून कपाळ, खांदे, वाकलेली पाठ यांच्यावर निळसर करड्याचा अगदी पातळ हात फिरवा. ती वाकलेली आहे आणि खाली पाणी आहे, तेव्हा हनुवटीखाली आणि दंडाच्या खालच्या बाजूला पाण्यातून परत आलेला मंद उजेड असणारच. नवशिक्या चित्रकाराला या जागा काळ्या कराव्याशा वाटतात. करू नका. पाणी निळं नसतं, बांधीतलं तर मुळीच नाही. त्यात मातीचा तपकिरी आणि आभाळाचा करडा दोन्ही असतात, आणि पावलांजवळ ढवळलेल्या चिखलाने ते गढूळ होतं. हिरव्याची गडबड तर कायमचीच. ॲपमधला हिरवा म्हणजे ह्यू 120, प्लॅस्टिकच्या बादलीचा हिरवा. पऱ्हे त्याहून खूप पिवळट असतात, 80 ते 85 च्या जवळ. भादव्यात तेच धान गडद होतं आणि दिवाळीला सोनेरी. लुगड्याचा रंग सगळ्यांत शेवटी ठरवा. एवढ्या पिवळट हिरव्यात जांभळं किंवा गडद गुलाबी लुगडं उठून दिसतं, आणि बायाही असे रंग नेसतात, ओढूनताणून काही करावं लागत नाही.

रंगवताना मधूनमधून एक तपासणी करा. सगळ्यांच्या वर नवा थर घ्या, तो पूर्ण काळा भरा आणि त्याची जात कलर किंवा सॅच्युरेशन करा. चित्र तात्पुरतं कृष्णधवल होईल. बाईचा चेहरा मागच्या धानात मिसळून जात असेल तर रंग कितीही सुंदर असले तरी चित्र फसलं आहे. दोहोंपैकी एक उजळ किंवा गडद करा आणि तो थर बंद करा. फोनमधलं डोळ्यांसाठीचं पिवळं फिल्टर रंगवताना बंद असू द्या, नाहीतर सकाळी चित्र उघडल्यावर बाई निळी झालेली असते.

माणसं नको असतील तर सारस आहे. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरला आहे आणि त्याची उंची जवळजवळ माणसाएवढी भरते. कॅरेक्टरसाठी देखणा, जोडीने फिरणारा, मान वर करून ओरडणारा. अंग फिकट करडं, डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल, टाळूचा तुकडा मात्र करडा-हिरवट, पाय फिकट लालसर. लाल रंग एवढाच असल्याने बाकीचं सगळं मुद्दाम मवाळ ठेवा. करड्यात ढगाळ दिवशी किंचित निळा आणि संध्याकाळी किंचित जांभळा मिसळा. संदर्भासाठी फोटो काढायचा तर बांधावरूनच, लांबून काढा. सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं करतो. त्या फोटोत मोबाइलने जागेची नोंद केलेली असू शकते, ती बंद करा आणि गावाचं नाव लिहू नका. चित्रासाठी घरट्याचा पत्ता लागत नाही.

काही जणांना हीच चित्रं गावातल्या नाटकाच्या किंवा गणपती मंडळाच्या बॅनरवर हवी असतात. तेव्हा दोन गोष्टी सुरुवातीलाच बघा. कॅनव्हास लहान घेतला तर नंतर मोठा करून उपयोग नाही. ए-4 छपाईला 300 डीपीआयने 2480 × 3508 पिक्सेल लागतात. आणि स्क्रीनवरचा झगमगता हिरवा-निळा शाईत तसा येत नाही, मळतो. प्रेसवाल्याकडून आधी छोटा नमुना काढून घ्या.

आता चित्र टाकणं. इन्स्टाग्रामसाठी उभी चौकट, 1080 × 1350 पिक्सेल, पुरेशी. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलंत तर ते दाबून लहान होतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सही चेहऱ्याच्या किंवा कपड्याच्या जवळ, लहान अक्षरांत करा. कोपऱ्यातली सही कापायला एक क्षण लागतो, आणि मधोमध भलंमोठं नाव छापणाऱ्याचं चित्र कोणी बघत नाही. थर असलेली मूळ फाइल कोणालाही देऊ नका. चित्र माझंच आहे, हे दाखवायला तोच उत्तम पुरावा. आयबिस पेंट रंगवण्याची प्रक्रिया आपोआप व्हिडिओत नोंदवतं, तीही जपून ठेवा.

टीप देताना नेमकं सांगा. 'शेडिंग असं करा, सोप्पं आहे' यातून कोणाचं भलं होत नाही. ब्रश कुठला, थर कुठला, आकडा काय, आणि कुठल्या पायरीला चित्र बिघडलं होतं, हे सांगा. चार चौकटी पुरतात: काळी आकृती, रेघा, सपाट रंग, पूर्ण चित्र. यातली सपाट रंगाची चौकट बहुतेक जण गाळतात, कारण ती बावळट दिसते. शिकणाऱ्याला मात्र तीच हवी असते. टीप दुसऱ्याकडून शिकला असाल तर त्याचं नाव लिहा. फोटोवरून गिरवलंय तर गिरवलंय असं लिहा, आणि एआयची मदत घेतली तर तेही. सरावासाठी गिरवण्यात लाज नाही.

कायद्याचंही जरा बघू. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढलं की हक्क आपोआप तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं तो टिकतो. दीनानाथ दलाल 1971 साली गेले, म्हणजे त्यांची चित्रं 2031 सरेपर्यंत कोणाची तरी मालमत्ता आहेत. ती बघून शिका, पण रंग बदलून आपल्या नावावर खपवू नका. नारुतो किंवा छोटा भीम आवडीने काढणं वेगळं आणि त्याचे टी-शर्ट छापून मंडईत विकणं वेगळं.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात वारंवार होते. मुलगा गोंड समाजाचा आहे, कचारगडच्या यात्रेची चित्रं काढतो, की लगेच कोणीतरी सांगतं, 'मग गोंड आर्टमध्ये काढ ना.' ठिपक्या-रेघांनी आकार भरण्याची जी शैली आज त्या नावाने ओळखली जाते ती मध्य प्रदेशातल्या दिंडोरीकडच्या परधान गोंड कलावंतांची. जनगढ सिंह श्याम यांनी ती कागदावर आणली. प्रत्येक कलावंताची भरण्याची खूण तिथे वेगळी असते. ती उचलून ब्रश म्हणून वापरणं म्हणजे दुसऱ्याची सही वापरणं. शिकायचंच असेल तर दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी चितारलेलं बाबासाहेबांवरचं 'भीमायन' मिळवा. त्यात प्रेमाने बोलणाऱ्याच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे आणि विखारी बोलणाऱ्याचा विंचवाच्या नांगीचा. पात्राचा स्वभाव चेहऱ्याबाहेर कसा दाखवावा, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. कचारगडच्या गर्दीतला पिवळा रंग, झेंडे, गुहेचा अंधार हे तुम्ही स्वतःच्या रेघेत काढा. पूजेचा फोटो घेण्याआधी तिथल्या माणसांना विचारा.

अठरा वर्षांखालच्यांनी खातं खासगी ठेवावं आणि घरच्यांपैकी एकाला त्याची माहिती असू द्यावी. शाळेचं नाव, गणवेश, घराचा फलक चित्राच्या फोटोत येऊ देऊ नका. 'तुझं कॅरेक्टर फार आवडलं, विकत घेतो' असा निरोप आला की आनंदात भान सुटतं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, ओटीपी कोणाला सांगावा लागत नाही. समोरचा दोन्हींपैकी काहीही मागत असेल तर तो गिऱ्हाईक नाही. काम खरं असेल तर अर्धे पैसे आधी घ्या, किती वेळा दुरुस्ती करून देणार ते लिहून कळवा, आणि ओळखीतलं काम असलं तरी फुकट करू नका.

आणि टीका. 'कसं वाटलं?' विचारलं की 'मस्त भाऊ' एवढंच उत्तर येतं. 'डावा हात लांब झालाय का?' असं विचारा, मग लोक खरंच बघतात. तुम्हीही दुसऱ्याच्या चित्राखाली बदाम टाकण्याऐवजी एक नेमकी गोष्ट लिहा, चांगली वाटलेली आधी. न मागता सुधारणा सुचवू नका. कोणी घाणेरडं लिहिलं तर उत्तर देत न बसता त्याला ब्लॉक करा.

टिपा मराठीत लिहा. थर, सावली, उजेड, रेघ हे शब्द पुरेसे आहेत, आणि मल्टिप्लायला मल्टिप्लायच म्हणा, कोणी अडवत नाही. झाडीबोलीत किंवा पोवारीत सुचलं तर त्यातच लिहा. तिरोड्याच्या पोराला रोवण्याचा हिरवा कसा करायचा, हे जपानी व्हिडिओत सापडणार नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल.